मीरा-भाईंदरकरांनो, शॅमेलिऑन घरी आणण्याआधी

मीरा रोड-भाईंदरच्या फ्लॅटमध्ये मासे आहेत, मांजरं आहेत, लव्हबर्ड्स आहेत. आता कुणाकुणाकडे शॅमेलिऑनही दिसायला लागलाय. मुलं मोबाइलवर व्हिडिओ बघतात. दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा, रंग पालटणारा तो प्राणी त्यांच्या मनात भरतो आणि वाढदिवसाला हट्ट सुरू होतो. आईवडील एवढंच विचारतात, "भुंकत नाही ना? खाली फिरवायला न्यावं लागत नाही ना? मग आणू या." मला या आईवडिलांशी बोलायचंय आणि ज्यांच्या घरी तो आधीच आलाय त्यांच्याशीही. शॅमेलिऑन आजारी पडला तर ओरडत नाही, कुंथत नाही. घरच्यांच्या लक्षात येतं तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

आधी कायद्याचं बोलू, कारण बरेच जण तिथेच फसतात. शॅमेलिऑनची एक जात आपल्याच देशातली आहे. मराठीत तिला घोयरा म्हणतात, कुठे सरडगुहिराही म्हणतात. कोरड्या, पानगळीच्या रानात झुडपांवर राहणारा, डोक्यावर उंचवटा असलेला, पुढेमागे डुलत एकेक पाऊल टाकणारा हा सरडा. गावाकडे तो विषारी समजून काठीने मारला जातो. त्याच्यात विष नाही, तो माणसाचं काही बिघडवत नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलंय. त्याला पकडणं, पाळणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास आणि दंड आहे. "गावाहून येताना शेतात सापडला" किंवा "कामगारांनी झाडावरून काढून दिला" असलं कारण तिथे चालत नाही. घराघरांत पिंजऱ्यातला हिरवा पोपट दिसतो, म्हणून लोकांना तो पाळणं कायदेशीर वाटतं. तेही कायदेशीर नाही, आणि घोयऱ्याचंही तसंच आहे.

दुकानात किंवा इन्स्टाग्रामवर विकायला असतात त्या जाती बाहेरच्या. व्हेल्ड शॅमेलिऑन येमेन आणि सौदी अरेबियातला, पँथर मादागास्करचा, तीन शिंगांचा जॅक्सन केनिया-टांझानियाच्या डोंगरांतला. या तिन्ही जाती साइटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे त्यांचा व्यापार परवान्याशिवाय होत नाही. आपल्या वन्यजीव कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. तेव्हापासून साइटीसच्या यादीतल्या प्राण्यांना आपल्या कायद्यातही जागा मिळाली. पुढे फेब्रुवारी 2024 मध्ये नियम आले. असा प्राणी ज्याच्या घरी आहे त्याने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करायची आहे. तेव्हा विक्रेत्याकडे बिल मागा, परवाना मागा, नोंदणीचा कागद मागा. "साहेब, एक्झॉटिकला काही लागत नाही" असं उत्तर आलं तर उठून घरी या.

कागद नसलेला प्राणी कुठून आलेला असू शकतो, याचं उदाहरण आपल्या जवळचंच आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये मुंबईच्या एअर कार्गोमध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने शोभेचे मासे म्हणून आलेली खोकी उघडली. आत कासवं, साप, सरडे, इग्वाना असे 665 प्राणी होते. त्यांतले 117 मेलेले होते. खोकी पकडली गेली नसती तर जे जिवंत होते ते पुढे अशाच कुठल्या तरी शहरातल्या दिवाणखान्यांत पोहोचले असते. वाढदिवसाची भेट अशा खोक्यातून यावी असं कुठल्याही आईला वाटणार नाही.

आता ज्यांच्याकडे रीतसर आणलेला, नोंदवलेला शॅमेलिऑन आहे त्यांच्याकडे वळतो. त्याची काळजी घेणं खर्चाचं आहे, पण अशक्य नाही. आपण त्याला काय समजून घरात आणलंय, तिथून मात्र सुरुवात करावी लागते. तो अंगाखांद्यावर खेळवायचा प्राणी नाही. तो एकटा राहणारा आहे. माणसाच्या हाताची त्याला सवय होते असं वाटतं तेव्हा पुष्कळदा तो फक्त घाबरून निपचित झालेला असतो. दोन नर एकमेकांना दिसले तरी दोघांवर ताण येतो. आरशात किंवा चकचकीत काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तरी तेच होतं. म्हणून दोन शॅमेलिऑन एका पिंजऱ्यात ठेवू नका. नर-मादीची जोडीही ठेवू नका.

रंगाबद्दलही एक गैरसमज आहे. तो भिंतीसारखा, पानासारखा दिसण्यासाठी रंग बदलतो असं आपण लहानपणापासून ऐकलंय. खरं तर त्याचे रंग त्याच्या मनस्थितीवर आणि अंगातल्या उष्णतेवर ठरतात. जिनिव्हाच्या संशोधकांनी 2015 साली पँथर शॅमेलिऑनवर अभ्यास करून दाखवलं, की त्याच्या कातडीतल्या पेशींमध्ये अतिसूक्ष्म स्फटिक असतात. त्या स्फटिकांमधलं अंतर कमीजास्त झालं की परावर्तित होणारा प्रकाश बदलतो आणि आपल्याला रंग बदललेला दिसतो. पाळणाऱ्याला याचा थेट उपयोग आहे. सकाळी काळपट झालेला शॅमेलिऑन ऊन अंगात घेत असतो, त्यात काळजीचं काही नाही. दिवसभर काळपट, अंग आक्रसून बसलेला शॅमेलिऑन मात्र घाबरलेला असतो, थंडावलेला असतो किंवा आजारी असतो. पाहुण्यांसमोर "बघा, रंग बदलतो" म्हणून त्याला डिवचणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, असं करू नका. तो त्या वेळी भीती दाखवत असतो.

पिंजऱ्याबद्दल मी जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त शॅमेलिऑन तिथेच वाया जातात. दुकानदार माशांची जुनी टाकी गळ्यात मारतात. काचेच्या टाकीत हवा कोंडते, ओल साठते आणि फुप्फुसाचा आजार ओढवतो. त्याला जाळीचा पिंजरा हवा आणि तो आडवा नको, उभा हवा. पूर्ण वाढलेल्या व्हेल्ड किंवा पँथरसाठी दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच हे माप धरा. पिंजरा जमिनीवर ठेवू नका. त्याची वरची फांदी आपल्या डोळ्यांच्या वर येईल अशा उंचीवर ठेवा. झाडावर राहणाऱ्या जिवाला वरून वाकून बघणारा माणूस शिकाऱ्यासारखाच वाटतो. आत वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या आडव्या-तिरप्या बांधा, म्हणजे त्याला दोन-दोन, तीन-तीन बोटांच्या पंजांनी पकड घेता येईल. झाडं खरी लावा. जास्वंद आणि छोटा फायकस आपल्या नर्सरीत सहज मिळतात. नर्सरीतून आणलेल्या झाडावर कीटकनाशक मारलेलं असतं, म्हणून पानं नीट धुऊन घ्या आणि माती बदला. त्याला पूर्ण लपता येईल इतकी पानं असली पाहिजेत. तो दिसत नाही म्हणून पानं छाटू नका.

उजेडाचे दोन दिवे लागतात आणि दोन्हींचं काम वेगळं आहे. एक उष्णतेचा, वरच्या एका कोपऱ्यातल्या फांदीवर. मोठ्या व्हेल्डसाठी तिथे 30 ते 32 अंश सेल्सिअस पुरतात. पिल्लांना आणि मादीला थोडं कमी. बाकीचा पिंजरा त्याहून थंड राहिला पाहिजे, म्हणजे त्याला हवं तेव्हा दूर जाता येतं. दुसरी यूव्हीबी ट्यूब. हिच्याबाबत सगळ्यात जास्त कंजुषी होते आणि हिच्यावाचूनच हाडं जातात. यूव्हीबी किरणांशिवाय शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि ड जीवनसत्त्वाशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. "आमच्या खिडकीतून भरपूर ऊन येतं" असं सांगणारे अनेक जण भेटतात. खिडकीची काच हे किरण अडवते. काचेआड आलेलं ऊन नुसतं तापवतं. ट्यूब दिसायला चालू असली तरी तिचे किरण कमी होत जातात, म्हणून खोक्यावर लिहिलेल्या मुदतीत ती बदला आणि अंतरही त्यावर लिहिलंय तेवढंच ठेवा. रात्री सगळे दिवे बंद, लाल बल्बसुद्धा नको. त्याला बारा तास अंधार हवा. ज्या हॉलमध्ये रात्री एक वाजेपर्यंत टीव्ही चालतो तो हॉल त्याच्यासाठी नाही.

सकाळचं कोवळं ऊन गॅलरीत देता आलं तर फार चांगलं. जाळीच्या पिंजऱ्यातच द्यायचं, अर्धा भाग सावलीत ठेवायचा आणि आपण शेजारी बसून राहायचं. कबुतरांची जाळी लावलेली असली तरी मांजर येतं, कावळा चोच घालतो. मे महिन्यात नऊ वाजल्यानंतर बाहेर ठेवू नका.

पाण्याचं गणित अनेकांना कळत नाही. वाटीत ठेवलेलं पाणी शॅमेलिऑनला दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. तो पानावरचा थेंब चाटतो. एकदा नीट बघा. पिंजऱ्याच्या छतावर तळाला बारीक भोक पाडलेला डबा ठेवा आणि खाली पानावर थेंब थेंब पडू द्या. पहिली काही मिनिटं तो हलत नाही. मग एक डोळा त्या पानाकडे वळतो, दुसरा आपल्यावरच असतो. चमकता थेंब घरंगळतो, तो मान पुढे काढतो, तोंड पानाच्या टोकाला लावतो आणि घशाखालची कातडी हलायला लागते. एका वेळी दहा-पंधरा मिनिटंही तो पीत राहतो. सकाळ-संध्याकाळ बारीक फवारा आणि दिवसातून एकदा हे ठिबकणारं पाणी एवढं नेमाने केलं तर निम्मे आजार टळतात. डोळे खोल गेले, विष्ठेतला पांढरा भाग गडद पिवळा-नारिंगी झाला, की पाणी कमी पडतंय असं समजा.

इथेच आपल्या शहराचा हिशेब वेगळा होतो. इंग्रजी व्हिडिओंमधले सल्ले थंड, कोरड्या देशांतल्या बंद घरांसाठी असतात. ते सतत फवारा मारायला आणि पिंजरा गरम ठेवायला सांगतात. आपल्याकडे वसईची खाडी एका बाजूला, समुद्र दुसऱ्या बाजूला. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत. त्या महिन्यांत तेवढाच फवारा मारत राहिलात तर पिंजऱ्यात बुरशी धरेल. पावसाळ्यात फवारा कमी करा, दोन फवाऱ्यांच्या मध्ये पानं पूर्ण वाळू द्या, आणि खोलीत पंखा हळू चालू ठेवा, पण झोत थेट अंगावर नको. आपल्याकडच्या थंडीत बहुधा रात्रीच्या हीटरची गरजच पडत नाही. रात्री थोडा गारवा या प्राण्यांना हवाच असतो. एप्रिल-मेमध्ये उलटं. तेव्हा उष्णतेचा दिवा अर्धा दिवस बंद ठेवावा लागेल, आणि एसीच्या खोलीत हवा कोरडी होते म्हणून पाणी वाढवावं लागेल. अंदाजाने चालू नका. साधं डिजिटल तापमापक आणि आर्द्रतामापक पिंजऱ्यात लावा. जॅक्सनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तो थंड डोंगरातला प्राणी आहे, रात्रीचा चांगला गारवा त्याला लागतो, आणि भाईंदरचा मे महिना त्याला सोसणार नाही. तो इथे आणूच नका.

घरातला धूर हा आणखी एक विषय. देवघरातली उदबत्ती, संध्याकाळचा धूप, मच्छर कॉइल, दिवाळीचे फटाके, शेजारच्या घरातला पेंटचा वास, हे सगळं त्याच्या फुप्फुसात जातं. सोसायटीचं पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी त्याला दुसऱ्या घरी हलवा आणि घर पूर्ण मोकळं झाल्यावरच परत आणा.

खाण्यात रातकिडे आणि पाळलेली झुरळं हा मुख्य आहार. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. स्वयंपाकघरातलं झुरळ किंवा सोसायटीच्या बागेतला नाकतोडा पकडून देऊ नका, त्याच्या पोटात औषध असण्याची शक्यता मोठी. विकत आणलेले किडेही लगेच घालू नका. एक दिवस त्यांना गाजर, शेवग्याचा पाला, भोपळा असं खाऊ द्या. किड्याच्या पोटात जे असेल तेच शॅमेलिऑनच्या पोटात जाणार. बहुतेक वेळा किड्यांवर ड जीवनसत्त्व नसलेली कॅल्शियमची पूड भुरभुरा, आणि महिन्यातून दोनदा जीवनसत्त्वांची. पूर्ण वाढलेल्याला रोज खाऊ घालू नका, एक दिवसाआड पुरतं. आपल्याकडे प्रेम ताटातून दाखवायची सवय आहे. इथे ती आवरावी लागेल.

ज्यांच्याकडे मादी आहे त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. व्हेल्डची मादी नराला कधी भेटली नाही तरी अंडी घालते. तिला त्यासाठी जमीन लागते. जागा मिळाली नाही तर अंडी पोटात अडकतात आणि ती मरते. पिंजऱ्याच्या तळाशी एक बादली किंवा खोल टब ठेवा. त्यात धुतलेली वाळू आणि माती मिसळून, बोटाने केलेला बोगदा ढासळणार नाही इतकी ओली करून, फूटभर खोलीपर्यंत भरा. मादी खाणं सोडून खाली येरझारा घालायला लागली, तळ खरवडायला लागली, की पिंजऱ्यावर कापड टाका आणि मुलांना त्या खोलीतून बाहेर काढा. तिला कोणी बघतंय असं वाटलं तर ती खणणं अर्धवट सोडते. दोन दिवस खणूनही अंडी आली नाहीत आणि ती मलूल पडली, तर थांबू नका, डॉक्टरकडे न्या.

डॉक्टरकडे न्यायची इतर कारणं सांगून ठेवतो. दिवसा डोळे मिटून बसणं. पाय वाकणं, कोपरं सुजणं, जबडा मऊ लागणं. जीभ पूर्ण बाहेर न फेकता येणं, म्हणजे किडा दिसतोय, नेम धरतोय पण जीभ अर्ध्यावर पडतेय. तोंड उघडं ठेवून वर मान करून श्वास घेणं, श्वासाबरोबर आवाज येणं. फांदीवरून पडणं. यांतलं एकही लक्षण "उद्या बघू" म्हणण्यासारखं नाही. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर आपल्याकडे बरेच आहेत, पण सरपटणाऱ्या प्राण्यांचं काम सगळेच करत नाहीत. म्हणून शॅमेलिऑन घरी येण्याआधीच असा डॉक्टर शोधून त्याचा नंबर लिहून ठेवा, त्यासाठी पार परळपर्यंत जावं लागलं तरी. नेताना हवेची भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवी काठी घट्ट बसवा. काठी पकडून अंधारात बसला की तो शांत राहतो. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर आठवड्याला त्याचं वजन करून वहीत मांडा. डॉक्टरला ती वही फार कामाला येते.

एवढं वाचून काहींना वाटेल की हे आपल्याला झेपणारं नाही. तसं वाटलं तर ते खरं मानावं. व्हेल्डचा नर नीट सांभाळला तर पाच ते आठ वर्षं जगतो. आज सातवीत असलेला मुलगा तोवर कॉलेजात जाईल, आणि ट्यूब, किडे, फवारा हे सगळं आईच्या अंगावर पडेल. घरात तेवढा वेळ आणि तयारी असेल तरच आणा. नसेल तर मुलाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सकाळी घेऊन जा. काशिमीऱ्यापासून चेण्यापर्यंत हे जंगल आपल्या शहराला खेटून उभं आहे. सोसायटीच्या कुंपणावर बसणारा, विणीच्या दिवसांत गळ्यापर्यंत लालबुंद होणारा बागेतला सरडाही अर्धा तास बघण्यासारखा आहे. तो शॅमेलिऑन नाही, पण त्याला बघायला पैसे पडत नाहीत आणि तो जिथे आहे तिथेच सुखात असतो. मुलांना आणि सोसायटीच्या वॉचमनना एवढं मात्र सांगा की त्याला दगड मारायचा नाही.

आणि घरातला शॅमेलिऑन नकोसा झाला तर त्याला घोडबंदरच्या किंवा उत्तन-डोंगरीच्या झाडीत सोडून येऊ नका. हवाईमध्ये 1972 साली थोडेसे जॅक्सन शॅमेलिऑन बाहेर सोडले गेले. ते तिथे पसरले आणि तिथल्या स्थानिक किड्या-गोगलगायींना खाऊ लागले. व्हेल्ड फ्लोरिडातही असाच फोफावला. इथे तो एक तर उपाशी मरेल किंवा जंगलाला त्रास देईल. त्याची नोंदणी असेल तर ती रीतसर दुसऱ्याच्या नावावर करून, सांभाळू शकणाऱ्याच्या हाती द्या. नोंदणी नसेल, काय करावं सुचत नसेल, किंवा कुणी घोयरा पकडून विकताना दिसला, तर वन विभागाच्या 1926 या निःशुल्क क्रमांकावर फोन करा.